समेची वाट : आवडत्या गाण्याच्या दालनाच्या प्रकल्प नोंदी

५ डिसेंबर २०२४

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येत्या २८ फेब्रुवारीला कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात प्रदर्शन भरणार असून मानसशास्त्र विभागाला त्यासाठी यंदा स्वतंत्र खोली मिळाली आहे. आवडते गाणे ऐकताना मनाचे आणि मेंदूचे काय होते, हा विषय विद्यार्थ्यांनीच निवडला. या विषयावर कोणीही सैलपणे काहीही बोलून जातो, म्हणून फलकावर जाणाऱ्या प्रत्येक विधानामागे कोणता प्रयोग आहे, तो कोणी आणि केव्हा केला, हे आधी या वहीत उतरवायचे आणि मगच रंगाला हात घालायचा, असे आज ठरले.

खोलीत कोणते गाणे वाजवायचे, यावर बराच वेळ गेला. एक भावगीत, एक नाट्यपद, एक लावणी आणि एक अलीकडचे चित्रपटगीत अशी यादी विद्यार्थ्यांनी तयार केली होती आणि ती वाईट नव्हती. तथापि माझे म्हणणे असे की, आपण कोणतेही गाणे निवडू नये. येणाऱ्याने आपले गाणे आपल्या मोबाइलमध्ये घेऊन यावे. या आग्रहाला शास्त्रीय आधार आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा जणांना, ऐकताना अंगावर हमखास काटा येतो अशी स्वतःची रचना आणायला सांगितले होते आणि तुलनेसाठी प्रत्येकाला दुसऱ्या सहभागी व्यक्तीची आवडती रचना ऐकवली होती. त्यामुळे एकाचा रोमांच ही दुसऱ्याची तटस्थ पार्श्वभूमी ठरली. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या मेंदूच्या चित्रात, असे दिसले की काटा जितका तीव्र, तितका मेंदूच्या तळाशी असलेल्या बक्षीस-यंत्रणेतील रक्तप्रवाह वाढतो आणि भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या भागातील प्रवाह कमी होतो. अन्न, तहान, शरीरसुख यांच्यासाठी घडलेली ही यंत्रणा हवेतल्या कंपनांनी जागी व्हावी, हे मुळातच नवल आहे, आणि त्याहून मोठे नवल असे की तीच कंपने शेजारच्या माणसाला स्वस्थ बसू देतात. दालनाचा कणा हाच ठेवायचा: आवड आवाजात साठवलेली नसते, ती ऐकणाऱ्याच्या ऐकण्याच्या इतिहासातून येते.

११ डिसेंबर

इलेक्ट्रॉनिक्स विभागातील सहकाऱ्यांनी त्वचेची विद्युतवाहकता मोजणारे एक साधे यंत्र जुळवून दिले. दोन बोटांना पट्ट्या बांधायच्या, अत्यंत क्षीण प्रवाह सोडायचा आणि घामामुळे त्वचेचा विरोध किती बदलतो ते पडद्यावरच्या रेषेत पाहायचे, इतकेच त्याचे काम. गाण्यातला हेलावणारा क्षण येऊन गेल्यानंतर रेषा साधारण एक ते तीन सेकंदांनी चढते, हे पाहणाऱ्याला आधी सांगावे लागेल, नाहीतर तो चुकीच्या ओळीला श्रेय देईल. हे यंत्र भावना ओळखत नाही, ते फक्त उत्तेजना दाखवते. राग आला काय किंवा गहिवर आला काय, रेषा सारखीच चढते. ही मर्यादा यंत्राच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत लावायची आहे. कोणाचीही नोंद साठवायची नाही, नाव विचारायचे नाही.

या निमित्ताने एक जुनी यादी पुन्हा वाचली. भरताच्या नाट्यविचारात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). घाम, काटा, कंठ दाटणे, थरथर, चेहऱ्याचा रंग उतरणे, डोळे भरून येणे, यांतले बहुतेक सगळे स्वायत्त मज्जासंस्थेचे काम असून त्यांतला स्वेद तर आमच्या यंत्राच्या बोटपट्टीखाली येतो. इच्छेने आणता न येणारी ही लक्षणे भावनेचा खरा पुरावा मानली जात, हे प्रयोगशाळेच्या विचाराशी चांगले जुळते. 'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' या थाटात मात्र हा फलक लिहायचा नाही. निरीक्षण त्यांचे आहे, मोजमाप अलीकडचे आहे, दोन्हींचे मोल वेगवेगळे आहे.

१९ डिसेंबर

आजचा दिवस समेसाठी, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसाठी, दिला.

तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तबला शिकतो. त्याने तीनतालाच्या ठेक्यावर तीन छोटी ध्वनिमुद्रणे करून आणली. पहिल्यात तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा बोलांचा तुकडा, नेमकी समेवर येते. दुसऱ्यात तीच तिहाई शेवटच्या आघाताआधी थांबते आणि नुसती शांतता उरते. तिसऱ्यात सम टाळून ती पुढच्या मात्रेवर पडते. संगीत न शिकलेल्या मुलांना ही मुद्रणे ऐकवली, तेव्हा दुसऱ्या मुद्रणात आघात नसतानाही अनेकांच्या माना त्या रिकाम्या जागी हलल्या आणि तिसऱ्यात काहींच्या चेहऱ्यावर हसू आले. न वाजलेला आघात कानाने ऐकला नाही, तो मेंदूने आधीच मांडून ठेवला होता. ही क्षमता शिकवणीने येते असेही नाही. इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवून त्यातला मुख्य आघात गाळला, तर त्यांच्या मेंदूच्या विद्युतलहरींमध्ये तो गाळल्याची खूण उमटते.

संगीतातली भावना अपेक्षेतून निर्माण होते, हा विचार अमेरिकी अभ्यासक लेनर्ड मायर यांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडला. त्यांच्यापुढे पाश्चात्त्य अभिजात संगीत होते. आपल्याकडे हा विचार समजावून सांगायला तालाचे आवर्तनच पुरेसे आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, नवव्या मात्रेवर खाली (टाळीविना मोजायची जागा) आणि मग पुन्हा समेकडे परतणे. मिनिटाला चाळीस मात्रांची लय धरली तर एक आवर्तन चोवीस सेकंदांचे होते, आणि त्या चोवीस सेकंदांत गायक श्रोत्याला दूर नेतो, आडवळणे घेतो, आता हा वेळेवर पोहोचत नाही अशी शंका निर्माण करतो आणि मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) पकडून समेवर येतो. 'वा!' ही दाद कोठे पडते, हे आठवून पाहावे. ती बहुतेक वेळा समेवरच पडते, आणि हात मात्र दोन-तीन मात्रा आधीपासूनच उचललेला असतो.

कोल्हापुरात हे सांगायला वेगळा दाखला शोधावा लागत नाही. उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबार गायक म्हणून या शहरात राहिले, त्यांच्यापासून जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी रुजली, आणि गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेमुळे येथील श्रोत्यांच्या पिढ्या ऐकून ऐकून तयार झाल्या. या गायकीत लयीशी बांधलेली, वळणावळणाची, पुढची जागा सहज न उमगू देणारी तान असते आणि अनवट रागांचे प्रेम असते. म्हणजे श्रोत्याच्या अंदाजाशी खेळण्याची सोय तिच्यात भरपूर आहे. ज्याचा कान तयार नाही, त्याला ही तान नुसती गुंतागुंत वाटते. तयार कानाला तिच्यात प्रत्येक क्षणी एक अंदाज, त्याची हुलकावणी आणि अखेरीस सुटका मिळते. कान तयार होणे म्हणजे अपेक्षा बांधता येणे, असे फलकावर लिहायला हरकत नाही.

आता मेंदूकडे. मॅकगिलच्याच व्हॅलोरी सलीमपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आठ जणांवर केलेला प्रयोग या फलकाचा मुख्य आधार आहे. डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकांवर, म्हणजे ते पकडणाऱ्या पेशींवरील जागांवर, जाऊन बसणारे एक किरणोत्सारी द्रव्य टोचले, तर शरीराने स्वतःचे डोपामिन सोडताच त्या द्रव्याला जागा कमी मिळते, आणि ही घट पेट स्कॅनमध्ये मोजता येते. त्याच व्यक्तींचे एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणारे चुंबकीय चित्रण) करून वेळेचा हिशेब लावला, तेव्हा दोन वेगळे टप्पे दिसले. उत्कट क्षण येण्याआधीच्या काही सेकंदांत कॉडेट हा भाग अधिक सक्रिय होता आणि प्रत्यक्ष त्या क्षणी न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स हा भाग. वाट पाहण्याला आणि पोहोचण्याला मेंदूत वेगवेगळी ठिकाणे आहेत. उचललेला हात आणि पडलेली दाद यांच्यातले अंतर यापेक्षा चांगले कसे मांडता येईल, मला ठाऊक नाही.

२० डिसेंबर

कालच्या मांडणीवर एका विद्यार्थिनीने रास्त आक्षेप घेतला. 'सर, अपेक्षेचीच गंमत असेल तर शंभर वेळा ऐकलेल्या गाण्यात गंमत उरायलाच नको. पुढे काय येणार ते पाठच असते.'

मानसशास्त्रज्ञ जमशेद भरूचा यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. एक अपेक्षा त्या विशिष्ट रचनेच्या स्मरणातून येते, तिला आम्ही 'नेमकी अपेक्षा' म्हटले. दुसरी आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या संगीतातून मुरलेली असते, तिला 'रुळलेली अपेक्षा'. दुसरी यंत्रणा आपोआप चालते आणि पहिलीला काय ठाऊक आहे याची फारशी पर्वा करत नाही. म्हणून ओळखीच्या बंदिशीत गायक अचानक वर्ज्य, म्हणजे त्या रागात न लागणाऱ्या, स्वराला स्पर्श करतो, तेव्हा ते माहीत असणारे मन आणि दचकणारे मन एकाच वेळी एकाच डोक्यात असतात. आवडत्या गाण्यात वाट पाहण्याचे सुख निश्चिततेमुळे उलट वाढते, असे मला वाटते; फलकावर हे वाक्य 'आमचे मत' म्हणूनच जाईल.

३ जानेवारी २०२५

फलकाच्या मसुद्यात 'डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे' असे वाक्य आले होते, ते काढले. इच्छा, शिकणे, हालचाल, अपेक्षेचा हिशेब अशा अनेक कामांत डोपामिन असते आणि आनंदाचा सगळा भार त्याच्यावर टाकणे सोपे असले तरी बरोबर नाही. शिवाय आठ जणांच्या स्कॅनमधून दोन गोष्टी बरोबर घडतात एवढेच कळते. एकीमुळे दुसरी घडते, हे सिद्ध करायला हस्तक्षेप करावा लागतो. तो २०१९ मध्ये लॉरा फेर्रेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सत्तावीस जणांना वेगवेगळ्या दिवशी डोपामिन वाढवणारे लेवोडोपा, त्याचे काम अडवणारे रिस्पेरिडोन आणि नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी देऊन संगीत ऐकवले. लेवोडोपाने संगीताचे सुख आणि त्या गाण्यासाठी खिशातून पैसे देण्याची तयारी वाढली, रिस्पेरिडोनने दोन्ही घटली. फलकावर आता 'संगीतसुखात डोपामिनचा प्रत्यक्ष हात आहे' एवढेच राहील.

१० जानेवारी

हलगीचा फलक. विद्यार्थ्यांपैकी एकाचे आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले आणि खासबाग मैदानातल्या कुस्त्या वर्षानुवर्षे पाहिलेले. ते म्हणाले, 'हलगी कडाडली की म्हातारं हाड बी उठून बसतंय बघा. मल्ल आत उतरायच्या आधी आमच्या मांडीला घाम सुटायचा.' हलगी, घुमकं आणि कैताळ या तालवाद्यांच्या मेळात स्वरांची आठवण जागी व्हावी असे काही फारसे नसते. तेथे काम करतो तो ठोका आणि त्याचा चढता वेग. जेसिका ग्रॅन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ मध्ये दाखवले की स्पष्ट ठोका असलेला ताल नुसता ऐकला, बोटही हलवले नाही, तरी मेंदूतली हालचालीची तयारी करणारी केंद्रे सक्रिय होतात. बसल्या जागी मांडी ताठरते, ती याच वाटेने.

वेगाचा परिणाम आवडीवर फारसा अवलंबून नसतो, ही गोष्ट दालनाच्या कण्याला छेद देणारी आहे आणि म्हणूनच ती दाखवायला हवी. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बारा संगीतकार आणि बारा सामान्य श्रोते घेऊन सहा प्रकारचे संगीत ऐकवले. श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके प्रामुख्याने लयीच्या वेगाबरोबर चढले, शैली कोणती हे दुय्यम ठरले. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा हे सगळे आकडे संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. तेव्हा संगीत शरीराला दोन दारांनी गाठते, असे म्हणावे लागेल: वेग आणि जोर यांचे दार सर्वांना सारखेच उघडे असते, आवडीच्या दाराची किल्ली ज्याची त्याच्याकडे असते.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतील डॉल्बीचा उल्लेख करावा का, यावर मतभेद झाले. मी करावा या बाजूचा आहे. छातीत घुमणारा तो खर्ज पहिल्या दाराने आत शिरतो आणि मग त्या उत्तेजनेलाच आवड समजले जाते. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असलेल्या माणसाला या आकड्यांवर काय वाटते, ते लिहिण्याची गरज नाही.

१८ जानेवारी

ज्येष्ठ मंडळींबरोबर एक दुपार. तीन-चार आज्ज्या आणि दोन आजोबा महाविद्यालयात आले, संक्रांतीचा तिळगूळ अजून संपलेला नव्हता. प्रत्येकाला आपले गाणे विचारले आणि उत्तर सांगताना गाणे बाजूला राहून माणसेच पुढे आली: कोणाच्या लग्नातला बँड, कोणाच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या थोरल्या भावाने विकत आणलेला रेडिओ. एक आज्जी ओवी म्हणताना दळण ओढल्यासारखा हात फिरवत होत्या आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हते.

आवडत्या गाण्यांचे वय पाहिले तर ती बहुधा दहा ते तीस या वयात ऐकलेली असतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी, घडत असलेले स्वत्व आणि सोबतीला वाजणारे गाणे एकमेकांत विणले जातात. पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवले की, आत्मचरित्रात्मक आठवण जागी करणारे गाणे ऐकताना कपाळामागचा मधला भाग, म्हणजे स्वतःविषयीच्या विचारांत गुंतणारा भाग, गाण्याच्या स्वरबदलांचा मागोवा घेत असतो. गाणे आणि 'मी' यांची गाठ तेथे पडते. कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुप्निक यांचे २०१३ मधील निरीक्षण तर आपल्या घरांना फारच लागू पडते. विशीतल्या तरुणांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबरच आई-वडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांविषयीही वेगळी ओढ होती. स्वयंपाकघरात आई जे गुणगुणते, ते पोरांच्या आठवणीत जन्माआधीच्या काळासकट उतरते.

स्मृतिभ्रंशाच्या आजारात जुनी गाणी शेवटपर्यंत का टिकतात, असे एका आजोबांनी विचारले. त्यांच्या घरी तसा अनुभव होता. दीर्घकाळच्या संगीतस्मृतीशी निगडित भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतात, असे २०१५ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात दिसले, एवढे सांगितले. गाण्याने आजार बरा होतो असा अर्थ त्यांनी काढू नये, म्हणून तेही स्पष्ट सांगितले. यावर ते म्हणाले, 'बरा होत नाही ते ठाऊक आहे हो. पण गाणं लागलं की ती मला ओळखते.'

२४ जानेवारी

संगीतातली भावना ओळखायला त्याच संस्कृतीत वाढावे लागते का? लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्प्सन यांनी १९९९ मध्ये हिंदुस्थानी रागांचे बारा तुकडे तीस पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. रागांशी ओळख नसतानाही आनंद, दुःख आणि राग या भावना त्यांनी पुष्कळशा बरोबर ओळखल्या. शांत भाव मात्र त्यांना नीट सापडला नाही. लय संथ की द्रुत, चलन साधे की गुंतागुंतीचे, यावरून ते अंदाज बांधत होते. दुःखी माणूस हळू, खालच्या पट्टीत आणि मंद आवाजात बोलतो, आणि दुःखी संगीत तीच लक्षणे उचलते, हे बोलणे आणि संगीत यांच्या तुलनेतून पुढे चांगले प्रस्थापित झाले आहे. भावना ओळखणे आणि ती अंगात भिनणे यांत फरक आहे, हे पुन्हा अधोरेखित करावे लागेल. अनोळखी माणूस रडतो आहे हे कळते, म्हणून आपण रडतोच असे नाही.

विषयांतर म्हणून एवढेच: १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर, परग्रहावरचे कोणी भेटले तर त्यांच्यासाठी ठेवलेल्या सोनेरी तबकडीत गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ती ऐकणारा कोणी भेटलाच, तर त्याला कोणते दार उघडे असेल, यावर विद्यार्थ्यांनी तासभर वाद घातला. फलकावर जागा नाही, पण वाद चांगला झाला.

३० जानेवारी

दुःखी गाणे सुख का देते. योना वुओस्कोस्की आणि तुओमास एरोला यांच्या अभ्यासांत असे दिसते की, दुसऱ्याच्या दुःखाशी सहज समरस होणारी माणसे अशा संगीतात अधिक रमतात आणि त्यांना मिळणारे सुख थेट दुःखातून न येता 'भारावून जाण्या'तून येते. संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना याच्या अगदी जवळची आहे: शोक कोणाचाच खाजगी राहत नाही, म्हणून तो चाखता येतो. गाण्यातल्या विरहाचे आपल्याला काही निस्तरायचे नसते. याउलट ताज्या दुःखात त्याच गाण्याची ओळ सोसवत नाही आणि माणूस रेडिओ बंद करतो. खाजगी शोक परत आला की रस संपतो. खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेल्या व्यक्तीला उदास गाणी त्याच त्या विचारांत गुरफटवू शकतात, हेही फलकावर एका ओळीत घ्यावे, असे समुपदेशन करणाऱ्या सहकारी बाईंनी सुचवले. घेतले.

६ फेब्रुवारी

परीक्षा तोंडावर आल्यामुळे 'संगीत ऐकल्याने गुण वाढतात' असा एखादा फलक असावा, पालक त्याच्यासाठीच येतील, अशी सूचना आली. तसा फलक होणार नाही. त्याऐवजी या समजाचा उगम सांगणारा फलक करू. फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची एक रचना ऐकवली, तेव्हा आकृतींच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कामात त्यांची कामगिरी थोडी सुधारली आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्याशा निष्कर्षावरून १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी केली. पुढच्याच वर्षी क्रिस्टिन नँटाइस आणि ग्लेन शेलेनबर्ग यांनी मोझार्टसमोर एक ध्वनिमुद्रित गोष्ट ठेवली. ज्यांना गोष्ट आवडली, ते गोष्टीनंतर सरस ठरले आणि ज्यांना संगीत आवडले, ते संगीतानंतर. बुद्धी वाढवण्याचा गुण कोणा एका संगीतकारात नव्हता. आवडते काही ऐकले की मन प्रसन्न आणि शरीर सावध होते, त्याचा तो तात्पुरता लाभ होता.

अभ्यास करताना गाणी लावावीत का, हा पालकांचा दुसरा प्रश्न हमखास येईल. शब्द असलेले गाणे वाचन आणि पाठांतर यांच्या आड येते, कारण दोन्हींना भाषेची तीच यंत्रणा लागते. गाणे जितके आवडते, तितके ते लक्ष वेधते. अभ्यासाआधी ऐकावे, अभ्यासात नको, इतके साधे उत्तर पुरेल.

१४ फेब्रुवारी

फलक पुसण्याचे काम मन लावून करणारा एक मुलगा आज हळूच म्हणाला की, त्याला कोणतेच गाणे तसे आवडत नाही. मित्रांमध्ये तो आवडल्यासारखे दाखवतो. असे लोक असतात आणि त्यांचा अभ्यासही झाला आहे. बार्सिलोनातील जोसेप मार्को-पालारेस यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा व्यक्तींचा शोध घेतला: ऐकू नीट येते, स्वर ओळखता येतात, पैसे जिंकल्याचा आनंदही इतरांइतकाच होतो, पण संगीताने त्वचेची वाहकता हलत नाही की नाडी. त्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले की या व्यक्तींमध्ये उजव्या बाजूचे श्रवणकेंद्र आणि बक्षीस-यंत्रणा यांच्यातला संवाद क्षीण असतो. संगीताचे सुख या दोन भागांच्या संवादावर उभे आहे, हे सर्वांत स्पष्टपणे या मंडळींमुळे कळले. त्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने हा फलक स्वतः लिहायला मागितला. अरसिकतेचा शिक्का ज्याच्यावर बसतो, त्याने तो लिहिणे योग्यच आहे.

२१ फेब्रुवारी

जिमखान्यातील कुस्तीच्या गाद्या भिंतींना लावून खोलीतील घुमारा कमी केला. हेडफोनचा आवाज ठरावीक पातळीपुढे जाणार नाही अशी सोय केली. फलकांचे रंगकाम पूर्ण.

२८ फेब्रुवारी

गर्दी सकाळपासून होती. यंत्रापुढे रांग लागली, समेच्या मुद्रणांपुढे त्याहून अधिक. दुपारी उकाडा वाढल्यावर सर्वांच्याच बोटांना घाम येऊ लागला, तेव्हा यंत्रावरची रेषा प्रत्येकासाठी नव्याने स्थिर करून घ्यावी लागली.

एक गोष्ट पूर्वतयारीत कोणाच्याच मनात आली नव्हती. सर्वांसमोर आवडते गाणे विचारले की लोक अभंग किंवा मान्यवर गायकाची रचना सांगत. गादीमागच्या आडोशाला हेडफोन लावले की मोबाइलवर वेगळेच काही लागत असे आणि रेषा त्यालाच चढत असे. आवड ही समाजापुढे मांडायची ओळखही असते, हे खरे असले तरी घामाच्या ग्रंथींना त्याचे काही देणेघेणे दिसत नाही. एक गृहस्थ पत्नीसमोर नाट्यपदाचे गुणगान करून आत गेले आणि आतून लावणीचा ढोलकीचा तुकडा अस्पष्ट ऐकू आला. बाईंनी हसून सांगितले, 'मला ठाऊक आहे, घरी पण हेच लावतात.'

४ मार्च

प्रदर्शनात एका शाळकरी मुलीने विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवून चालणार नाही: आवडते गाणे फार ऐकले की नकोसे का होते? ग्रंथालयात हलवायच्या फलकांत याची भर घालतो आहोत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांच्या मांडणीनुसार ओळख वाढते तशी आवड आधी चढते आणि एका टप्प्यानंतर उतरू लागते. साध्या रचनेत हा टप्पा लवकर येतो, कारण तिच्यात अंदाज बांधायला थोडेच उरते. गुंतागुंतीच्या रचनेत रुळलेल्या अपेक्षेला डिवचणाऱ्या जागा अधिक असतात, म्हणून ती अधिक काळ पुरते. लक्ष देऊन सलग ऐकले तर उतार लवकर लागतो. काही महिने ते गाणे बाजूला ठेवले तर ओढ बरीचशी परत येते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मुलीच्या वडिलांनी आवडते गाणे पहाटेच्या गजराला लावले होते, आणि आता ते कोठेही वाजले तरी त्यांना दचकायला होते. ही गोष्ट वेगळी असून ती याच फलकावर खाली स्वतंत्र चौकटीत घेतली आहे: गाणे ज्या प्रसंगाला वारंवार जोडले जाते, त्या प्रसंगाची चव त्याला लागते, मग तो प्रसंग लग्नाचा असो की झोपमोडीचा. मजकूर तपासून झाला आहे. फलक पुसणाऱ्या मुलाचे अक्षर सर्वांत सुवाच्य असल्यामुळे तो लिहिण्याचे काम त्याच्याकडेच दिले आहे.